ते असंच येतं : डिजिटल प्रमाणपत्रांच्या इशाऱ्यांचा इतिहास

मावशीच्या शेताचा सातबारा काढायला गावच्या सेवा केंद्रात गेलो होतो. केंद्र चालवणाऱ्या मुलाने पैसे भरून फाइल उतरवून घेतली आणि पडद्यावर उघडली. डिजिटल सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह होतं आणि शेजारी 'व्हॅलिडिटी अननोन', म्हणजे खरेपणा अज्ञात, अशी अक्षरं. "हे काय आहे?" मी विचारलं. त्याने मान वर न करता प्रिंटची कळ दाबली. "काका, ते असंच येतं."

सरकारी सहीवर प्रश्नचिन्ह आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. मी वाणिज्य शाखेचा माणूस, नोकरी हिशेबाची. संगणक शिकलो तो चाळिशीत, स्वतःच्या हिमतीवर. त्या प्रश्नचिन्हाचा माग काढताना जुने शोधनिबंध, चौकशी अहवाल, कंपन्यांचे खुलासे वाचत गेलो आणि लक्षात आलं, की 'ते असंच येतं' हे वाक्य त्या मुलाचं एकट्याचं नाही. मोठमोठ्या कंपन्यांतल्या अभियंत्यांनीही ते आपापल्या भाषेत म्हटलेलं आहे. त्याची किंमत कधी एका देशाच्या कारभाराने, तर कधी कोट्यवधी माणसांच्या खासगी माहितीने मोजली आहे. हा लेख त्या वाक्याच्या इतिहासाचा आहे.

चिठ्ठीचा जन्म

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी गुप्तलेखनाची एक नवी कल्पना मांडली. प्रत्येकाकडे दोन गणिती किल्ल्या असाव्यात. एक जाहीर, एक खासगी. जाहीर किल्लीने बंद केलेला निरोप फक्त खासगी किल्लीने उघडतो, आणि खासगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कुणालाही तपासता येते. अडचण एकच होती. समोर आलेली जाहीर किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे, हे कसं ओळखायचं? त्यावर दोघांनी एक सार्वजनिक यादी सुचवली होती. टेलिफोनच्या डिरेक्टरीसारखी, नाव आणि त्यापुढे किल्ली.

दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, एमआयटीतल्या लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात त्यातली गैरसोय दाखवली. प्रत्येक वेळी यादीकडे विचारायला गेलं, तर ती यादी चालवणाराच गर्दीने मेटाकुटीला येईल. त्यापेक्षा यादी सांभाळणाऱ्याने 'अमुक नाव, अमुक किल्ली' अशी चिठ्ठी लिहून तिच्यावर स्वतःची सही करून द्यावी. ती चिठ्ठी घेऊन ज्याने त्याने फिरावं. या चिठ्ठीला त्याने 'सर्टिफिकेट' म्हटलं. आज बँकेचं संकेतस्थळ उघडताना, फोनवरून पैसे पाठवताना पडद्यामागे जे प्रमाणपत्र तपासलं जातं, त्याचा उगम इथे आहे.

पण चिठ्ठीत एक नवी अडचण आली. यादीला विचारलं असतं, तर आजचं उत्तर मिळालं असतं. चिठ्ठी मात्र लिहिली त्या दिवसाची. मधल्या काळात किल्ली चोरीला गेली, माणूस नोकरी सोडून गेला, तर चिठ्ठीला ते कळत नाही. म्हणून १९८८ साली दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 'एक्स-५०९' नावाचं मानक ठरवलं, तेव्हा प्रमाणपत्रात दोन तारखा आल्या : या दिवसाच्या आधी ग्राह्य नाही, या दिवसानंतर ग्राह्य नाही. त्या तारखांतल्या एका लिहिण्याच्या पद्धतीत वर्षाला दोनच आकडे होते. मग इंटरनेटसाठीच्या १९९९ च्या नियमावलीला सांगावं लागलं, की ५० ते ९९ म्हणजे १९५० ते १९९९, आणि ०० ते ४९ म्हणजे २००० ते २०४९. पुढच्या वर्षांसाठी चार आकडे.

तेव्हापासून प्रमाणपत्र हाती आलं, की प्रोग्रॅमने ढोबळपणे चार गोष्टी पाहायच्या असतात. सही करणारी संस्था आपल्या विश्वासाच्या यादीत आहे का? आजची तारीख मुदतीत आहे का? प्रमाणपत्रावरचं नाव आणि आपण गाठलेलं ठिकाण एकच आहे का? आणि हे प्रमाणपत्र मधेच रद्द तर झालेलं नाही? एकाचं जरी उत्तर नकारार्थी आलं, तर पुढे जायचं की थांबायचं, हा प्रश्न उरतो. तो सोडवायचा कोणी?

खिडकीतला प्रश्न

१९९५ च्या सुमारास नेटस्केप कंपनीने ब्राउझरमध्ये प्रमाणपत्रांची सोय आणली आणि पुढची अनेक वर्षं ब्राउझरांनी हा प्रश्न सरळ वाचकावर सोपवला. एक चौकट उघडायची : प्रमाणपत्रात दोष आहे, पुढे जायचं का? खाली दोन कळा, हो आणि नाही. वरवर पाहता यात लोकशाही होती. पण ज्या माणसाला प्रमाणपत्र म्हणजे काय तेच माहीत नाही, त्याने कशाच्या आधारावर ठरवायचं?

शिवाय बहुतेक वेळा इशारा खोटाच निघायचा. संकेतस्थळाच्या मालकाने मुदतवाढ विसरलेली असायची किंवा बघणाऱ्याचंच घड्याळ चुकलेलं असायचं. आमच्या वाचनालयातल्या जुन्या संगणकाची आतली बटणासारखी बॅटरी संपली आणि तो रोज सकाळी कित्येक वर्षं मागे जाऊ लागला. त्याच्या लेखी जगातली सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मायची होती. दोन आठवडे सगळे सभासद लाल पडदा ओलांडून वर्तमानपत्रं वाचत होते. कुणी तक्रार केली नाही.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. २००९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच इशाऱ्यांवरच्या निबंधाला त्याच गोष्टीवरून नाव दिलं. २०१३ साली दोन संशोधकांनी क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांतले अडीच कोटींहून अधिक इशारे तपासले. प्रमाणपत्राचा इशारा आल्यावर क्रोम वापरणारे ७०.२ टक्के वेळा पुढे गेले, फायरफॉक्स वापरणारे ३३ टक्के वेळा. क्रोमवाले बेफिकीर आणि फायरफॉक्सवाले शहाणे, असा याचा अर्थ नाही. एकात पुढे जायला कमी कळा लागत, दुसऱ्यात जास्त. एक ब्राउझर दिलेली सूट लक्षात ठेवून पुन्हा विचारत नसे, दुसरा पुन्हा पुन्हा विचारी. माणसं सारखीच होती, फरक मुख्यतः चौकटीच्या रचनेचा होता. दोष वाचकावर टाकणं किती सोपं आणि किती चुकीचं आहे, हे या दोन आकड्यांइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

चौकटच नसलेले प्रोग्रॅम

ब्राउझर निदान विचारतो तरी. पण दोन प्रोग्रॅम आपसात बोलतात, दुकानाचा सर्व्हर पैसे घेणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, तेव्हा समोर माणूसच नसतो. तिथे चूक आल्यावर काय करायचं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. स्टॅनफर्ड आणि टेक्सस विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये असे प्रोग्रॅम तपासले आणि त्यांना 'जगातला सर्वांत धोकादायक कोड' म्हटलं. ऑनलाइन पैसे स्वीकारण्यासाठी वापरले जाणारे काही तयार भागही प्रमाणपत्र धड तपासत नव्हते.

त्यातलं एक उदाहरण मला विसरता येत नाही. 'कर्ल' नावाची, जगभर वापरली जाणारी एक प्रोग्रॅम-लायब्ररी आहे. तिच्यात नाव तपासण्यासाठी एक खटका होता. शून्य म्हणजे तपासू नका. एक म्हणजे प्रमाणपत्रात काहीतरी नाव आहे एवढंच पाहा. दोन म्हणजे ते नाव जुळतं का ते पाहा. न सांगता सोडलं, तर तो आपोआप दोनवर असे. पण काळजी घेणारे प्रोग्रॅमर मुद्दाम तिथे 'ट्रू' म्हणजे 'होय' असं लिहीत. संगणकाच्या हिशेबात 'होय' म्हणजे एक. तपासणी चालू करण्याच्या हेतूने लिहिलेल्या शब्दानेच ती अर्धी बंद पडत असे, आणि सगळं सुरळीत चाललेलं दिसे. पुढे कर्लच्या कर्त्यांनी 'एक'चा हा अर्थ काढून टाकला.

त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी अँड्रॉइडची १३,५०० मोफत ॲप तपासली. त्यांतल्या १,०७४ ॲपमध्ये या बाबतीत संशयास्पद कोड सापडला. कारण बहुधा घरगुती असतं. ॲप तयार होताना चाचणीच्या सर्व्हरवर खरं प्रमाणपत्र नसतं, सारखी चूक येते, काम अडतं. मग प्रोग्रॅमर तपासणीच्या जागी रिकामं कार्य ठेवतो : काहीही आलं तरी चालेल. ते असतं चाचणीपुरतं. पण ॲप बाजारात जाताना ते काढायचं राहून जातं. काढलं नाही म्हणून काहीही बिघडत नाही, त्यामुळे ते आठवतही नाही.

लांडगा खरोखर आला तेव्हा

ऑगस्ट २०११. इराणमधल्या एका माणसाला गूगलची मेल उघडताना क्रोममध्ये प्रमाणपत्राचा इशारा दिसला. त्याने 'ते असंच येतं' म्हटलं नाही. त्याने गूगलच्या मदतकेंद्रात जाहीरपणे विचारलं, हे काय आहे? इतर ब्राउझरांना त्या प्रमाणपत्रात खोट दिसत नव्हती, कारण त्यावरची सही खरी होती. ती 'डिजीनोटार' या डच प्रमाणन संस्थेची होती. पण गूगलच्या ठिकाणांसाठी कुणाकुणाच्या सह्या चालतील, याची छोटी यादी क्रोमने स्वतःमध्येच ठेवली होती आणि तीत डिजीनोटार नव्हती.

तपासात निघालं, की कुणीतरी संस्थेच्या यंत्रणेत शिरून पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रं काढून घेतली होती. 'फॉक्स-आयटी' या तपास कंपनीच्या अहवालानुसार सुमारे तीन लाख इंटरनेट पत्ते या खोट्या प्रमाणपत्राच्या जाळ्यात आले होते आणि ते जवळजवळ सगळे इराणमधले होते. म्हणजे तितक्या लोकांची पत्रं मधेच उघडून वाचता येत होती. नेदरलँड्सच्या सरकारी संकेतस्थळांनाही याच संस्थेची प्रमाणपत्रं होती. तिथल्या गृहमंत्र्यांना मध्यरात्री पत्रकार परिषद घेऊन लोकांना सावध करावं लागलं. संस्थेचा कारभार सरकारने ताब्यात घेतला आणि त्याच सप्टेंबरात तिचं दिवाळं निघालं.

पुढचं प्रकरण आपल्याकडचं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने डिजिटल सहीला कायद्याचा आधार दिला आणि प्रमाणन संस्थांवर एक नियंत्रक नेमला. भारतातल्या परवानाधारक संस्थांच्या प्रमाणपत्रांची साखळी या नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रापाशी संपते. २ जुलै २०१४ रोजी गूगलला आपल्या नावाची काही अनधिकृत प्रमाणपत्रं आढळली. ती नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्रांखाली दिली गेली होती. विंडोजच्या विश्वासयादीत भारताचं मूळ प्रमाणपत्र होतं, म्हणून विंडोजवरचे बहुतेक प्रोग्रॅम ती खरी मानत. फायरफॉक्सची यादी वेगळी आणि तीत भारताचं मूळ नव्हतं, म्हणून त्याला झळ लागली नाही. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकाने ती मधली प्रमाणपत्रं रद्द केली. पुढे क्रोमने भारतीय साखळीवरचा विश्वास मोजक्या भारतीय पत्त्यांपुरताच ठेवला.

थांबलेलं यंत्र आणि न थांबलेलं

आता मुदतीकडे वळतो. या तारखांनी घातलेले घोळ एकापेक्षा एक आहेत. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची 'अझुर' ही सेवा कोलमडली. नवं आभासी यंत्र सुरू होताना ते स्वतःसाठी एक वर्षाचं प्रमाणपत्र बनवत असे. शेवटची तारीख काढताना प्रोग्रॅम फक्त वर्षात एक मिळवी. उत्तर आलं २९ फेब्रुवारी २०१३. असा दिवस नाही, म्हणून प्रमाणपत्र बनेना. तीनदा फसल्यावर देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमने निष्कर्ष काढला, की खालचं यंत्रच बिघडलं असणार. काम दुसऱ्या यंत्रावर गेलं आणि तिथेही तेच घडलं.

पण मला दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. पहिली ६ डिसेंबर २०१८ ची. ब्रिटनमधल्या 'ओ-टू' कंपनीच्या ग्राहकांच्या फोनवरचं इंटरनेट बंद पडलं. जपानमध्ये 'सॉफ्टबँक'चे फोन काही तास बंद होते. दोघांकडे एरिक्सन कंपनीचं सॉफ्टवेअर होतं आणि त्यातल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. प्रोग्रॅमने नियम पाळला आणि काम थांबवलं. कोट्यवधी लोक खोळंबले, कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. पण बिघाड लगेच कळला आणि दुसऱ्या दिवशी ओ-टूची सेवा पूर्ववत झाली.

दुसरी घटना अमेरिकेतल्या 'इक्विफॅक्स' या पतमाहिती कंपनीची. येणारी-जाणारी सांकेतिक माहिती उघडून तपासणारं एक यंत्र तिच्याकडे होतं. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली. हे यंत्र थांबलं नाही. ते न तपासता सगळं पुढे जाऊ देत राहिलं. अमेरिकी काँग्रेसच्या समितीच्या अहवालानुसार हे १९ महिने चाललं. कुणाचंही काम अडलं नाही, म्हणून कुणीही पाहिलं नाही. त्यातले ७६ दिवस चोर आत वावरत होते. २९ जुलै २०१७ रोजी प्रमाणपत्र बदललं, यंत्राला पुन्हा दिसू लागलं आणि लगेच संशयास्पद हालचाल नजरेला आली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती.

पहिल्या घटनेत आरडाओरडा झाला, दुसरीत सगळं शांत होतं. कारखान्याला आरडाओरडा परवडत नाही, म्हणून सोयीचा मार्ग नेहमी शांततेकडे जातो. प्रमाणपत्राची चूक हाताळण्याचा सगळा इतिहास मला या दोन यंत्रांमध्ये दिसतो. चूक ही साक्ष आहे. तिच्यामुळे काम अडतं, म्हणून साक्षीदाराचं तोंड बंद करायचं, की तो काय सांगतो ते ऐकायचं?

गेल्या काही वर्षांत उत्तर बदलत गेलं आहे. २०१२ मध्ये आलेल्या एका मानकामुळे संकेतस्थळालाच ब्राउझरला सांगता येऊ लागलं, की माझ्या बाबतीत दोष आढळला तर वाचकाला विचारू नका, थांबवा. दुसरा बदल मुदतीचा. प्रमाणपत्र वर्षानुवर्षांचं असलं, की नूतनीकरण हे कुणातरी एकाच्या डायरीतलं काम होतं, आणि तो माणूस बदली होऊन जातो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'लेट्स एन्क्रिप्ट'ने मोफत पण फक्त ९० दिवसांची प्रमाणपत्रं दिली. एवढ्या थोड्या मुदतीत हाताने काम होत नाही, ते यंत्रावर सोपवावंच लागतं. २०२० पासून संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. एप्रिल २०२५ मधल्या ठरावाने ती टप्प्याटप्प्याने उतरवली : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १००, २०२९ पासून ४७. कोनफेल्डरने यादीची चिठ्ठी केली होती. चिठ्ठी जितकी ताजी, तितकी ती पुन्हा यादीच्या जवळ जाते.

मावशीचा सातबारा

मग ते पिवळं प्रश्नचिन्ह? ते 'खोटं' म्हणत नव्हतं. सही झाल्यावर मजकूर बदलला असता, तर लाल फुली आली असती. प्रश्नचिन्ह एवढंच सांगत होतं, की या साखळीच्या टोकाला असलेल्याला मी ओळखत नाही. फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या विश्वासयादीत भारताचं मूळ प्रमाणपत्र नसेल, तर खऱ्या सहीवरही हेच चिन्ह येतं. आधारची फाइल उतरवणाऱ्या अनेकांनी ते पाहिलं असेल. त्यावरचा प्रचलित उपाय असा : चिन्हावर उंदराची उजवी कळ दाबा, सहीचे तपशील उघडा, प्रमाणपत्र विश्वासयादीत घाला. लगेच हिरवी खूण येते.

इथे मी अडखळलो. ज्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा, ते आलं कुठून? त्याच फाइलमधून. म्हणजे पाहुण्याची ओळख पटवायला पाहुण्यालाच विचारायचं. उद्या कुणी बनावट सातबारा केला आणि नियंत्रकाच्या नावाचं बनावट मूळ प्रमाणपत्र त्याला जोडलं, तरी हेच चिन्ह येईल. आणि सवयीने हाच उपाय केला, तर त्यालाही हिरवी खूण मिळेल. वर ते बनावट मूळ यादीत कायमचं बसेल. योग्य मार्ग थोडा लांबचा आहे. नियंत्रक कार्यालयाच्या संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्र स्वतंत्रपणे घ्यायचं, किंवा निदान त्याचा ठसा, म्हणजे अंक-अक्षरांची लांब ओळ, फाइलमधल्या ठशाशी ताडून पाहायची. मी घरी बसून ती ओळ अक्षर अन् अक्षर ताडली. जुळली. दहा मिनिटं लागली.

एक गोष्ट मात्र दहा मिनिटांत सुटणारी नाही. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांची आणि जमिनीचा कागद पिढ्यांचा. सही केली त्या दिवशी प्रमाणपत्र वैध होतं, हे पुढे सिद्ध करायला सहीसोबत विश्वासार्ह वेळेची नोंद लागते. आणि कागदावर छापल्यावर तर सही तपासताच येत नाही. ती फाइलमध्ये राहते, कागदावर उरतं फक्त तिचं चित्र. मावशीच्या कागदावर प्रश्नचिन्हाचं चित्र उरलं होतं. कर्जाच्या कचेरीत ते कुणी पाहिलं नाही.

पुढच्या वेळी केंद्रात गेलो, तेव्हा त्या मुलाला सगळं दाखवलं. त्याने नीट ऐकलं, ठसा कुठे दिसतो ते एका वहीत लिहून घेतलं. मागे सहा-सात माणसं रांगेत होती. पुढच्याची फाइल पडद्यावर उघडली, प्रश्नचिन्ह आलं. रांगेतल्या माणसाने विचारलं, "हे काय?" मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. "थांबा," तो म्हणाला, "बघून सांगतो."